महाराष्ट्रातील विज्ञानप्रसार प्रकल्पांचे अर्थसाहाय्य

महाराष्ट्रातील विज्ञानप्रसार प्रकल्पांचे अर्थसाहाय्य म्हणजे मुलांमध्ये आणि सर्वसामान्य नागरिकांमध्ये विज्ञानाविषयी कुतूहल निर्माण करणाऱ्या उपक्रमांना शासन, न्यास, उद्योग, संस्था आणि व्यक्ती यांच्याकडून मिळणारा निधी होय. विज्ञान केंद्रे, तारांगणे, फिरत्या प्रयोगशाळा, विज्ञान प्रदर्शने, बालवैज्ञानिक स्पर्धा, लोकविज्ञानाची नियतकालिके, आकाशदर्शन आणि निसर्गनिरीक्षण यांसारख्या उपक्रमांसाठी हा निधी वापरला जातो. नव्या ज्ञानाच्या शोधासाठी दिल्या जाणाऱ्या संशोधन अनुदानापेक्षा तो वेगळा असतो. उपलब्ध ज्ञान व विचारपद्धती समाजापर्यंत पोहोचवणे हा त्याचा हेतू असतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ मधील ४२ व्या घटनादुरुस्तीने त्याचा समावेश झाला. विज्ञानप्रसारासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्यामागील वैचारिक आधार म्हणून या कलमाचा अनेकदा उल्लेख केला जातो.

अशा प्रकल्पांचे यश केवळ मिळालेल्या रकमेवर अवलंबून नसते. ती रक्कम कशासाठी आणि किती वर्षांसाठी मिळते, यालाही तितकेच महत्त्व असते. इमारत व साहित्य यांसाठी एकदाच मिळणारा भांडवली निधी आणि शिक्षक, दुरुस्ती, प्रवास व उपभोग्य साहित्य यांसाठी दरवर्षी लागणारा आवर्ती निधी यांतील फरक राज्यातील बहुतेक प्रकल्पांच्या वाटचालीत दिसून येतो. मोठे उद्योग आणि पारंपरिक शेती-मासेमारीची गावे शेजारी शेजारी असलेला रायगड जिल्ह्यातील उरण तालुका या दृष्टीने एक लक्षणीय उदाहरण आहे.

इतिहास

मराठीतील विज्ञानलेखनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांपासून झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या 'दिग्दर्शन' या मासिकात भौतिक व नैसर्गिक शास्त्रांवरील लेखांना स्थान होते. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे केवळ विज्ञानाला वाहिलेले मासिक निघाले. अशा नियतकालिकांचा आधार मुख्यतः वाचकांची वर्गणी आणि संपादकांचे विनामूल्य श्रम हाच होता.

स्वातंत्र्यानंतर संस्थात्मक प्रयत्नांना वेग आला. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. मातृभाषेतून विज्ञानाचा प्रसार करणे हे तिचे प्रमुख उद्दिष्ट आहे. परिषदेने 'पत्रिका' हे मासिक, वार्षिक अधिवेशने, व्याख्याने आणि विज्ञानकथा स्पर्धा असे उपक्रम सुरू केले. जयंत नारळीकर यांची 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा १९७४ मध्ये परिषदेच्याच स्पर्धेत पारितोषिकपात्र ठरली. ती त्यांनी टोपणनावाने पाठवली होती. तुलनेने अल्प खर्चाच्या एका स्पर्धेने मराठी साहित्याला महत्त्वाचा विज्ञानकथाकार दिल्याचे हे उदाहरण आहे.

१९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे त्याचे संस्थापक संचालक होत. आरंभीच्या कामास सर दोराबजी टाटा न्यासाचे साहाय्य लाभले. केंद्राने मुंबईतील महापालिका शाळा आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा येथे काम केले. वंचित स्तरातील विद्यार्थ्यांच्या विज्ञानातील अडचणी बुद्धीच्या अभावापेक्षा भाषा, अध्यापनपद्धती आणि अनुभवाच्या संधी यांच्याशी अधिक निगडित असतात, ही भूमिका या कामातून पुढे आली. न्यासाच्या मदतीने सुरू झालेले हे केंद्र आज केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाच्या निधीवर चालते. प्रायोगिक टप्प्यात खासगी निधी आणि पुढे स्थायी शासकीय जबाबदारी असा हा क्रम आहे.

वरळी येथे १९७७ मध्ये नेहरू तारांगण सुरू झाले. त्याच परिसरात नेहरू विज्ञान केंद्राची उभारणी टप्प्याटप्प्याने झाली. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात तेथे विज्ञान उद्यान खुले झाले आणि १९८५ मध्ये पूर्ण केंद्राचे उद्‌घाटन झाले.

ग्रामीण भागात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करत विज्ञान व तंत्रज्ञान शिकणे हे त्याचे सूत्र आहे. पुण्यातील आयुका या संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी तयार करण्याचे काम अनेक वर्षे केले.

निधीचे स्रोत

केंद्र शासन

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अंतर्गत १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापन झाली. ही परिषद संस्थांना प्रकल्पनिहाय अनुदान देते. १९८७ मधील भारत जन विज्ञान जथा आणि १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद हे तिच्या पाठबळाने झालेले महत्त्वाचे उपक्रम आहेत. बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयोगटातील मुले आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करून निष्कर्ष मांडतात. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

'इन्स्पायर-मानक' योजनेत शाळांकडून विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना मागवल्या जातात. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये थेट जमा होतात. त्यानंतर जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर प्रदर्शने होतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत निवडलेल्या शाळेला एकूण २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यांपैकी १० लाख रुपये उभारणीसाठी आणि उर्वरित १० लाख रुपये पाच वर्षांच्या संचालन खर्चासाठी असतात. त्रिमितीय मुद्रक, संवेदक, सूक्ष्मनियंत्रक आणि विद्युत साधने यांचा अशा प्रयोगशाळेत समावेश असतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये अशा ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा करण्यात आली.

विज्ञान केंद्रांचे जाळे सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद चालवते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक दायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शासकीय निधीवर काम करणाऱ्या वैज्ञानिकांनी आपले ज्ञान व साधने शाळा आणि समाजापर्यंत पोहोचवावीत, अशी त्यांत अपेक्षा आहे.

राज्य शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था

तालुका, जिल्हा व राज्य पातळीवरील विज्ञान प्रदर्शने शालेय शिक्षण विभागामार्फत भरवली जातात. जिल्हा परिषदेचा स्वनिधी आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी हे शाळांतील प्रयोगशाळा व साहित्य यांचे संभाव्य स्रोत आहेत. शहरी भागात महापालिकाही पुढाकार घेतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या सहकार्याने उभारलेले सायन्स पार्क २०१३ मध्ये खुले झाले.

न्यास, देणगी आणि कायम निधी

देणगीदार बहुधा दोन प्रकारे साहाय्य करतात. पहिल्या प्रकारात रक्कम थेट एखाद्या कामावर खर्च होते. दुसऱ्या प्रकारात मूळ रक्कम ठेव म्हणून गुंतवली जाते आणि केवळ व्याजातून पुरस्कार, व्याख्यानमाला किंवा शिष्यवृत्ती चालवली जाते. दुसऱ्या प्रकाराने उपक्रमास स्थैर्य लाभते. मात्र व्याजदर घटल्यास किंवा महागाई वाढल्यास त्याची क्षमता कमी होते. नोंदणीकृत संस्थेस आयकर अधिनियमाखाली मान्यता असल्यास देणगीदारास करसवलत मिळू शकते.

उद्योगांचे सामाजिक दायित्व

कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे अपेक्षित आहे. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाला चालना देण्याचा समावेश असल्याने शालेय विज्ञान प्रकल्प या तरतुदीत बसतात. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रातील स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलमात म्हटले आहे.

या निधीला काही मर्यादा आहेत. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. कंपनीचा प्रशासकीय खर्च एकूण दायित्व खर्चाच्या ५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष वगळून कमाल तीन वर्षे असते. शालेय प्रयोगशाळेचे आयुष्य त्याहून बरेच अधिक असते. त्यामुळे कंपनीचा सहभाग संपल्यानंतर प्रयोगशाळा कोण चालवणार, हे आरंभीच ठरवणे आवश्यक ठरते.

शुल्क, विक्री आणि स्वयंसेवा

काही उपक्रम स्वतःच्या उत्पन्नावर चालतात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून घेतली जाते. इयत्ता सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या या स्पर्धेत प्रवेशशुल्क आकारले जाते. पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या पद्धतीत विद्यार्थी गावाला उपयुक्त सेवा पुरवतात आणि त्या मोबदल्यातून प्रशिक्षणाचा काही खर्च भागतो. शिक्षक, निवृत्त वैज्ञानिक आणि हौशी खगोलप्रेमी यांची स्वयंसेवा हा हिशेबाच्या वहीत न दिसणारा, परंतु मोठा स्रोत आहे.

महाराष्ट्राबाहेरील उदाहरणे

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी केलेल्या पुस्तकविक्रीतून आपल्या कामासाठी निधी उभा केला. त्यामुळे ही चळवळ अनुदानावर विसंबून राहिली नाही.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. प्रयोगातून शिकण्याच्या या कार्यक्रमात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांचाही सहभाग होता. पुढे तो राज्य शासनाच्या सहकार्याने विस्तारला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. शासकीय पाठिंब्याने कार्यक्रम मोठा होऊ शकतो आणि तो पाठिंबा काढून घेतल्यास थांबूही शकतो, या दोन्ही गोष्टी या उदाहरणात दिसतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोचा कलिंग पुरस्कार हे खासगी देणगीतून उभ्या राहिलेल्या कामाचे प्रसिद्ध उदाहरण होय. बिजू पटनाईक यांच्या देणगीतून तो सुरू झाला. १९९६ मध्ये हा पुरस्कार जयंत नारळीकर यांना मिळाला.

खर्चाचे स्वरूप

विज्ञानप्रसार प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात साधारणतः दोन भाग असतात.

अनावर्ती किंवा भांडवली खर्च: खोली, फर्निचर, विद्युतजोडणी, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, संगणक, वाहन इत्यादी.

आवर्ती खर्च: मार्गदर्शकाचे मानधन, रसायने, काचसामान, विजेरी घट, दुरुस्ती, वीजदेयक, इंधन, विद्यार्थ्यांचा प्रवास, छपाई आणि शिक्षक प्रशिक्षण.

भांडवली खर्च दृश्य असतो. त्याचे उद्‌घाटन होते, छायाचित्र निघते आणि वस्तूंची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. आवर्ती खर्चाचे असे दर्शनी रूप नसते. तो थांबल्यास मात्र साधने कपाटात बंद राहतात. किनारपट्टीवरील दमट व खाऱ्या हवेत भिंगांवर बुरशी येते, धातूचे भाग गंजतात आणि विद्युत जोडण्या निकामी होतात. त्यामुळे कोकणातील शाळांमध्ये देखभालीची गरज विशेष जाणवते. प्रशिक्षित शिक्षकाची बदली हेही प्रयोगशाळा बंद पडण्याचे एक कारण ठरते. म्हणून एकाच शाळेतील किमान दोन शिक्षकांना प्रशिक्षण देणे, अनेक शाळांसाठी एक सामायिक फिरता संच ठेवणे आणि स्थानिक पातळीवर मिळणाऱ्या साहित्यावर भर देणे हे उपाय सुचवले जातात.

शासकीय अनुदानाचा पुढील हप्ता सामान्यतः उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब सादर केल्यानंतर मिळतो. लहान संस्थांना हे कागदपत्र तयार करण्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळ ठेवणे अवघड जाते.

उरण तालुका

उरण हा रायगड जिल्ह्यातील मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील तालुका आहे. मुंबई हाय क्षेत्रातून समुद्राखालील वाहिनीद्वारे येणाऱ्या तेल व वायूवर प्रक्रिया करणारा तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प, बोकडवीरा येथील वायू विद्युत केंद्र आणि १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर या तालुक्यात आहेत. घारापुरी बेटही उरण तालुक्यातच मोडते आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. देशातील प्रगत तंत्रज्ञानाच्या इतक्या जवळ असूनही त्यामागचे विज्ञान स्थानिक विद्यार्थ्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी स्वतंत्र योजना आणि निधी यांची गरज असते.

या प्रश्नाला सामाजिक संदर्भही आहे. बंदर, उद्योग आणि नवी मुंबई यांसाठी या परिसरातील शेतजमिनी व मिठागरे संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ मधील शेतकरी आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. भूमिपुत्रांना नव्या उद्योगांत तांत्रिक व कुशल कामाची संधी मिळण्याचा प्रश्न विज्ञान शिक्षणाशी जोडलेला आहे.

निधीच्या दृष्टीने तालुक्यात दोन वेगळे कायदेशीर मार्ग आहेत. येथे कार्यरत असलेल्या आणि निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना कंपनी अधिनियमाचे कलम १३५ लागू होते व त्यातील स्थानिक प्राधान्याचे तत्त्व उरणच्या शाळांना उपयोगी पडू शकते. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण ही मात्र कंपनी नसून वैधानिक संस्था आहे. प्रमुख बंदर प्राधिकरण अधिनियम, २०२१ नुसार तिच्या मंडळाला शिक्षण, आरोग्य, कौशल्यविकास अशा सामाजिक लाभाच्या कामांसाठी निधी वापरता येतो. अर्ज करणाऱ्या शाळेला किंवा संस्थेला हा फरक माहीत असणे उपयुक्त ठरते.

प्रवास हा येथील महत्त्वाचा खर्च राहिला आहे. मोरा ते भाऊचा धक्का ही जलवाहतूक आणि पनवेलमार्गे रस्ता हे मुंबईला जाण्याचे जुने मार्ग होत. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूचे आणि खारकोपर–उरण रेल्वेमार्गाचे उद्‌घाटन झाले. त्यामुळे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र येथील एका दिवसाची शैक्षणिक सहल पूर्वीपेक्षा सुलभ झाली. जिल्ह्यातच नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आणि अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरील ट्राम सुरू झाल्यास कुलाब्याच्या नोंदींत अडथळा येईल, हे ओळखून डॉ. नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. एखाद्या शास्त्रीय नोंदीसाठी जागाच बदलावी लागल्याची ही घटना विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

घारापुरी बेटावर समुद्राखालील केबलद्वारे नियमित वीजपुरवठा २०१८ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी तेथे वीज मर्यादित वेळ आणि जनित्रावर अवलंबून होती. विजेवर चालणाऱ्या प्रयोगशाळेचे अनुदान देण्यापूर्वी मूलभूत सुविधांचा विचार का करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

तालुक्यात अल्प खर्चाच्या विज्ञानालाही वाव आहे. पाणजे व परिसरातील पाणथळ जागांवर रोहित आणि अन्य स्थलांतरित पक्षी येतात. भरती-ओहोटीच्या वेळांची नोंद, खाडीच्या पाण्याची क्षारता, कांदळवनातील जीवसृष्टी, मिठागरातील बाष्पीभवन आणि पक्षिगणना हे विषय राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या 'परिसरातील प्रश्न' या चौकटीत बसतात. त्यांसाठी नोंदवही, तापमापी, साधी दुर्बीण आणि मार्गदर्शक शिक्षक एवढे पुरते. मच्छीमार व मिठागर कामगार कुटुंबांतील मुलांकडे यांपैकी अनेक विषयांचे अनुभवज्ञान आधीच असते. भराव व बांधकामांमुळे पाणथळ जागांचे क्षेत्र घटल्यास पर्यावरणाबरोबरच ही उघडी प्रयोगशाळाही नष्ट होते.

मूल्यमापन आणि टीका

अनेक प्रकल्पांचे यश उपस्थित विद्यार्थ्यांची संख्या, भेट दिलेल्या शाळा किंवा वाटलेले संच यांवरून मोजले जाते. मुलांनी नंतर अधिक प्रश्न विचारले का, स्वतः प्रयोग करून पाहिले का, विज्ञान शाखा निवडली का, हे तपासण्यासाठी दीर्घकालीन पाठपुरावा लागतो आणि त्यासाठी अंदाजपत्रकात क्वचितच तरतूद असते. २०२१ च्या नियमांनुसार १० कोटी रुपये किंवा अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांना १ कोटी रुपये वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन करावे लागते. लहान प्रकल्पांना अशी सक्ती नाही.

स्पर्धाप्रधान उपक्रमांवर एक आक्षेप असा की, त्यांचा लाभ मुख्यतः आधीच रस असलेल्या आणि पालकांचे पाठबळ असलेल्या मुलांना होतो. विज्ञान प्रदर्शनांतील काही प्रतिकृती पालकांनी किंवा दुकानदारांनी तयार केलेल्या असतात, अशीही टीका होते. इंग्रजी माहितीपुस्तिकांसह येणारे साहित्यसंच मराठी माध्यमाच्या वर्गात पूर्णपणे वापरले जात नाहीत. मुलींचा सहभाग टिकवण्यासाठी सुरक्षित प्रवास व सोयीची वेळ यांचा खर्चही धरावा लागतो.

संस्थांचे स्थैर्य हा आणखी एक प्रश्न आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली 'विज्ञान प्रसार' ही केंद्र शासनाची स्वायत्त संस्था २०२३ मध्ये बंद करण्यात आली. विविध भारतीय भाषांत लोकविज्ञानाची पुस्तके व नियतकालिके प्रसिद्ध करणारे एक केंद्र त्यामुळे संपुष्टात आले.

हे सुद्धा पहा

मराठी विज्ञान परिषद
होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र
नेहरू विज्ञान केंद्र
राष्ट्रीय विज्ञान दिन
विज्ञान आश्रम, पाबळ
उरण तालुका